मूल काही सांगू पाहते तेव्हा मोठ्यांकडून होणाऱ्या या चुका टाळा

संध्याकाळी आई पोळ्या लाटत असते आणि आठ वर्षांची मुलगी ओट्याला टेकून, फ्रॉकचे टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणते, "मला उद्यापासून शिकवणीला नाही जायचं." "नाटकं करू नकोस, फी भरली आहे," असे उत्तर सहज तोंडून निघते आणि विषय तिथेच संपतो. लैंगिक अत्याचाराबद्दल मुले बहुधा अशीच आडवळणाने बोलतात, म्हणून पहिली चूक इथेच होते. लाटणे बाजूला ठेवून, खाली तिच्याजवळ बसून "का गं, काय झालं तिथे?" एवढे विचारायला हवे. प्रत्येक हट्टामागे अत्याचार असतो असे नाही, पण विचारल्याशिवाय ते कळणार कसे? दूध सांडले तरी ज्या घरात धपाटा बसतो, तिथले मूल तर एवढेही बोलत नाही.

मुलाने नाव घेतले की "ते असं करणारच नाहीत" हे वाक्य येते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या पाहणीच्या २००७ मधील अहवालानुसार, अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलांच्या ओळखीची, विश्वासातली होती. तेव्हा नाते जवळचे आहे, एवढ्यावरून मुलाला खोटे ठरवू नये.

मोठे नुकसान मात्र काळजीपोटी होणाऱ्या उलटतपासणीने होते. आधी आई, मग बाबा, आजी, मावशी असे सगळे तेच विचारतात, "त्याने इथेच हात लावला ना?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारले जातात, आणि मूल गोंधळते किंवा गप्प होते. एकाच विश्वासू व्यक्तीने ऐकावे, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत आणि "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" हे स्पष्ट म्हणावे. "कुणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला लगेच आंघोळ घालू नये आणि कपडे धुऊ नयेत. ते कागदी पिशवीत ठेवून रुग्णालयात जावे. गुन्हा नोंदला गेला नसला तरी वैद्यकीय तपासणी करता येते.

"घरातल्या घरात मिटवू" हा सल्ला हमखास मिळतो. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षा होऊ शकते. संशयिताला स्वतः जाब विचारायला जाऊ नये. त्यामुळे तो सावध होतो आणि पुरावे नष्ट होऊ शकतात. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. पोलीस ठाण्याच्या भीतीने अनेक पालक थांबतात, परंतु मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, पालक किंवा त्याच्या विश्वासातली व्यक्ती सोबत असताना घ्यायचा असतो. पोलिसांनी त्या वेळी गणवेशात नसावे आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही, असे कायदाच सांगतो. मुलाची ओळख उघड होईल असे काहीही सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये.

तक्रारीनंतर मुलीचे खेळणे, बाहेर जाणे बंद केले जाते, तेव्हा शिक्षा आपल्यालाच झाली असे तिला वाटते. शाळा, मैत्रिणी, संध्याकाळचा खेळ शक्य तितका पूर्ववत ठेवावा आणि खटल्याच्या काळात सोबतीला सहायक व्यक्ती मिळावी म्हणून जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे मागणी करावी.