मित्रांसोबत घरच्या घरी अल्बम तयार करताना

स्टुडिओत भाडे तासावर मोजले जात असल्याने निर्णय झटपट होतात. घरी तशी सक्ती नसते, आणि हौसेने सुरू केलेले बहुतेक अल्बम त्यामुळेच रखडतात. म्हणून माइक लावण्यापूर्वीच कोणती गाणी घ्यायची, प्रत्येकाची पट्टी आणि लय कोणती, आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरवून घ्यावे. पट्टी गायकाच्या गळ्याला मानवणारी असावी; गिटारवादकाच्या बोटांची सोय त्यानंतर पाहावी. पहिल्या अल्बमला चार-पाच गाणी पुरेशी होतात. त्यांचे मोबाइलवर कच्चे ध्वनिमुद्रण करून काही दिवस ऐकत राहिल्यास कोणता अंतरा लांबला आहे आणि कुठे वाद्यांची गर्दी झाली आहे, ते आपोआप लक्षात येते.

साहित्य फारसे लागत नाही: संगणक, दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात पोहोचवणारी पेटी), कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि अनेक ट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगवेगळा, मुद्रित करणारे सॉफ्टवेअर. ॲपलच्या संगणकांवर गॅरेजबँड मोफत मिळते. इतरांना ऑडॅसिटीपासून सुरुवात करता येईल. कंडेन्सर माइकला सहसा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (इंटरफेसकडून माइकच्या तारेतूनच मिळणारी वीज) लागतो आणि तो आवाजातले बारकावे टिपतो, पण त्याच तत्परतेने खोलीचा घुमारा आणि शेजारची कुजबुजही टिपतो. साध्या खोलीत गाणाऱ्याने कमी संवेदनशील असा डायनॅमिक माइक जवळ घेऊन गाणे, माझ्या मते, अनेकदा अधिक शहाणपणाचे ठरते.

खरे कष्ट खोलीवर घ्यावेत, कारण मुद्रणात मिसळलेला घुमारा नंतर पूर्णपणे काढता येत नाही. उघड्या भिंतींच्या मोकळ्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून खणखणीत शेपूट ऐकू आले, तर ती खोली गायनासाठी टाळावी. गाद्या, जाड पडदे आणि कपड्यांनी भरलेली कपाटे असलेली खोली बरी. कार्डिऑइड माइक समोरचा आवाज सर्वाधिक आणि पाठीमागचा सर्वांत कमी घेतो. म्हणजेच गायकाच्या पाठीमागची भिंत माइकच्या थेट समोर येते, त्यामुळे जाड रजई तिथे टांगावी आणि संगणक माइकच्या पाठीमागे ठेवावा. भिंतीला पातळ फोम चिकटवल्याने बाहेरचा गोंगाट थांबत नाही आणि खर्जाचा घुमाराही जात नाही. त्यावर पैसे घालवू नयेत.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मुद्रण 24 बिट आणि 48 किलोहर्ट्‌झवर करावे. गायक सर्वांत जोरात गाईल तेव्हाही पातळी उणे 10 डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा) राहील, असा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवावा, कारण फाटलेला आवाज दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते. माइकपासून साधारण 15 ते 20 सेंटीमीटर अंतर ठेवून मध्ये श्वासाचे फटके अडवणारा पॉप फिल्टर लावावा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल, तर सॉफ्टवेअरमधील बफर (संगणक आवाज ज्या तुकड्यांत हाताळतो त्यांचा आकार) 128 किंवा त्याहून कमी करावा, किंवा इंटरफेसमधील थेट ऐकण्याची सोय वापरावी. आधी क्लिकवर (हेडफोनमधील लयीच्या ठोक्यांवर) कच्चे गायन, मग ताल, मग साथीची वाद्ये आणि शेवटी खरे गायन, हा क्रम सोयीचा पडतो. मात्र जे दोघे एकमेकांकडे पाहूनच रंगतात, त्यांना केवळ स्वच्छ ट्रॅकच्या हव्यासापोटी वेगळे बसवू नये. प्रत्येक टेकपूर्वी, म्हणजे एकेका मुद्रणापूर्वी, वाद्य सुरात आहे ना, ते तपासावे. चांगला टेक त्याच दिवशी निवडून बाकीचे बाजूला टाकावेत आणि रोजच्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

मिक्सिंग, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याचे काम, एकानेच करावे आणि इतरांनी आपली मते लिहून द्यावीत. सगळे एकाच पडद्यासमोर बसले की प्रत्येकाला स्वतःचेच वाद्य दबलेले वाटते. सुरुवातीला केवळ आवाजांचा तोल साधावा, गायनातली साधारण 80 हर्ट्‌झखालची घरघर काढावी आणि इफेक्टांकडे त्यानंतरच वळावे. तयार मिक्स हळू आवाजात, तसेच मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकावे. मास्टरिंगमध्ये (तयार मिक्सवरील अखेरच्या संस्कारात) आवाज कमाल पातळीपर्यंत चढवण्यात अर्थ नाही, कारण स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे 14 लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) पातळीवर आणूनच वाजवते.

गाणी प्रसिद्ध करण्यासाठी डिजिटल वितरकाची (गाणी ऐकण्याच्या ॲपपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेची) मदत घ्यावी लागते, आणि प्रत्येक मुद्रणाला लागणारा बारा अक्षर-अंकी आयएसआरसी हा ओळख क्रमांक बहुधा तोच देतो. त्याआधी गीत-संगीताचे हक्क आणि मुद्रणाचे हक्क वेगवेगळे असतात हे ध्यानात घेऊन दोन्हींतील वाटे लेखी ठरवावेत. मैत्रीत असे कागद करणे अवघडल्यासारखे वाटते, तरीही ते करावेत; एखादा मित्र पुढे गटातून बाहेर पडल्यास त्याच्या वाट्याचे काय होईल, हेही त्यातच नमूद करावे.