सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेण्याआधी काय काय तपासायचं?

किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली, हा हिशेब स्पोर्ट्स कारच्या बाबतीत बऱ्याचदा फसतो. वर्षानुवर्षं कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीचे रबरी पाइप आणि ऑइल सील वाळतात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यापेक्षा जास्त चाललेली, पण वेळच्या वेळी सर्व्हिस झालेली गाडी मी कधीही घेईन. आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली, याच्या खुणा गाडीवर सापडतात. त्या शोधायच्या.

१. जाण्याआधी मॉडेलचं दुखणं माहीत करून घ्या

प्रत्येक मॉडेलची एक ठरलेली खोड असते. साधारण १९९७ ते २००८ या काळातल्या पोर्शे बॉक्स्टर आणि साध्या ९११ मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनातला एक फिरता दांडा) बेअरिंग तुटण्याचा धोका असतो. ते तुटलं की बहुतेक वेळा अख्खं इंजिन जातं. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीतल्या एम३ मध्ये मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे बसते तिथला पत्रा तडकतो. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं) कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गमावतं, आणि ते मोजायला रोटरीसाठीचा खास टेस्टर लागतो. टेस्टरशिवायही एक अंदाज घेता येतो: इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करा, काही मिनिटं थांबून पुन्हा स्टार्ट करा. स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला तर तिथूनच परत फिरा.

विकणाऱ्याला थेट विचारा, ‘हे काम झालंय का? बिल आहे का?’ शिक्क्यांनी भरलेल्या सर्व्हिस बुकपेक्षा बिलं बोलकी असतात. त्यांवर तारीख, किलोमीटर आणि बदललेला पार्ट असतो. चेसिस नंबर काचेखाली, दाराच्या खांबावर आणि कागदांवर एकच आहे ना, तेही पाहून घ्या.

२. इंजिन थंड असतानाच पोहोचा

‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आधीच सांगून ठेवा आणि गेल्यागेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं.

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. सुरुवातीला लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. स्टार्ट करताना एकाला सायलेन्सरमागे उभं करा. सुरुवातीला निळ्या धुराचा झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील गेलेत. गाडी पळवतानाही निळा धूर येत राहिला तर संशय पिस्टन रिंगवर. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळतंय.

मग ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर कोड वाचणारं यंत्र) लावा. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, रेडीनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. त्यातले बरेचसे ‘नॉट रेडी’ असतील, तर कोड नुकतेच पुसले गेलेत किंवा बॅटरी काढली होती. कारण विचारा. पोर्शेसारख्या काही गाड्यांचा कॉम्प्युटर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याचीही नोंद ठेवतो. वरच्या गिअरऐवजी चुकून खालचा पडला की असं होतं, आणि रेव्ह लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) ते अडवू शकत नाही. तिथले सर्वांत वरच्या टप्प्याचे (मर्यादा सगळ्यात जास्त ओलांडल्याचे) आकडे आणि ते किती इंजिन-तासांपूर्वीचे आहेत हे नक्की पाहा.

३. बॉडी

कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. पेंट गेजवर (रंगाची जाडी मोजणारं उपकरण) एखाद्या पॅनलचा आकडा दुप्पट आला तर पुन्हा रंगवलंय, हजारात गेला तर खाली पुट्टी आहे. गेज अॅल्युमिनियमवरही चालणारा घ्या. प्लास्टिक आणि कार्बन फायबरवर साधा गेज काही दाखवत नाही. बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का तेही बघा. पुढच्या बंपरला नवा रंग असणं मात्र मला खटकत नाही. इतक्या खाली बसणाऱ्या गाडीला समोरून खडी लागणारच.

४. रेस ट्रॅकच्या खुणा

चाकांच्या कमानीत आत हात घालून पाहा, वितळून चिकटलेले रबराचे तुकडे हाताला लागतात. लाल ब्रेक कॅलिपर तपकिरी पडलेत का? ब्रेक डिस्कच्या छिद्रांभोवती बारीक तडे आहेत का? सीटमागे हार्नेससाठी (रेसिंगचा सीट बेल्ट) पाडलेली भोकं? ट्रॅकवर गेलेली गाडी लगेच बाद होत नाही, पण विकणारा ‘कधीच नाही’ म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही विश्वास ठेवू नका.

टायरवर चार आकडी तारीख असते: ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. एकाच एक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर म्हणजे मालकाने हात आखडता घेतला होता.

५. रस्त्यावर

पहिली फेरी विकणाऱ्याला मारू द्या. तुमच्यासमोर थंड इंजिन रेडलाइनपर्यंत (आरपीएम मीटरवरच्या लाल पट्ट्यापर्यंत) खेचणारा माणूस एकटा असताना काय करत असेल! नंतर तुम्ही बसा, म्युझिक बंद. मॅन्युअल असेल तर थंड असताना दुसरा गिअर टाकताना खरखर होते का पाहा. सिंक्रो (गिअर अलगद पडू देणारा भाग) गेल्याचं लक्षण. इंजिन गरम झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, २,००० आरपीएमच्या आसपास, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय.

६. लिफ्टवर, आणि तुमच्याच मेकॅनिककडे

इथपर्यंत गाडी पटली तरच हा खर्च करा. मेकॅनिक त्या मॉडेलवर काम केलेला हवा आणि तो तुम्ही निवडलेला हवा. कॉम्प्रेशन किंवा लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणारी) मागा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १० ते १५ टक्क्यांहून जास्त मागे असेल तर इंजिन उघडावं लागण्याची शक्यता धरून चाला. खालून गंज, वाकलेली फ्रेम, फाटलेले एक्सल बूट आणि डिफरन्शियलची गळती बघायला सांगा. डिस्कची कमीत कमी जाडी बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून घ्या. कार्बन-सिरॅमिक डिस्क असतील तर त्यांचा खर्च आधी विचारा, त्या आकड्याने पुढचं बोलणंच बदलतं. निघालेल्या कामांचं लेखी एस्टिमेट विकणाऱ्यापुढे ठेवा आणि मगच किमतीचं बोला. तो लिफ्टवर गाडी न्यायलाच नाही म्हणाला, तर पुढची जाहिरात बघा.