संगणकावरील इंटरनेट वाय-फायने घरभर कसे द्यावे

काही घरांत ब्रॉडबँडची केबल थेट एकाच संगणकाला जोडलेली असते आणि राउटर घेतलेलाच नसतो. लातूरला खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना तर घरमालकाने दिलेली एक केबल तिघाचौघांत वापरावी लागते. अशा वेळी संगणकालाच वाय-फाय हॉटस्पॉट करता येते. ही सोय विंडोज 10 मध्ये ऑगस्ट 2016 च्या अपडेटपासून आहे आणि विंडोज 11 मध्येही आहे, त्यामुळे यासाठी कोणतेही अनोळखी सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नये.

आधी संगणकात वाय-फाय आहे का ते पाहावे. लॅपटॉपमध्ये ते असतेच. जुन्या डेस्कटॉपमध्ये मात्र बहुधा नसते, आणि मग यूएसबीला लावायचे वाय-फाय अडॅप्टर विकत आणावे लागते.

त्यानंतर 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' उघडून 'मोबाईल हॉटस्पॉट'वर जावे. इंटरनेट कोठून घ्यायचे या रकान्यात केबल असल्यास 'इथरनेट' निवडावे आणि ते कशावरून द्यायचे तेथे 'वाय-फाय' ठेवावे. 'एडिट' दाबून नेटवर्कचे नाव व पासवर्ड बदलावा. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. तेथे स्वतःचा मोबाईल क्रमांक घालण्याची सवय अनेकांना आहे, पण तो गल्लीतल्या सगळ्यांनाच ठाऊक असतो, म्हणून तो कटाक्षाने टाळावा. शेवटी वरचे बटण चालू केले की मोबाईलमध्ये ते नाव दिसू लागते. एका वेळी आठ उपकरणे जोडता येतात.

आपल्या भागात सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते 'बँड'कडे, म्हणजे वाय-फायच्या लहरी कोणत्या पट्ट्यात चालतात याकडे. अंबाजोगाईतील आमचे जुने घर माळवदाचे आहे आणि त्याच्या दगडमातीच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत. लॅपटॉप ढेळजेत होता आणि पुतणी माजघरात ऑनलाइन तासाला बसली होती; मोबाईलवर वाय-फायची खूण दिसत होती, पण बाईंचे चित्र दर मिनिटाला थिजत होते आणि आवाज तुटत होता. बँड 5 गिगाहर्ट्झवरून 2.4 गिगाहर्ट्झवर आणला आणि तास अखंड चालला. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी त्याच्या लहरी जाड भिंतीत लवकर क्षीण होतात, 2.4 च्या लहरी त्या मानाने पलीकडे बऱ्या पोहोचतात. संगणक लोखंडी कपाटाजवळ किंवा कोपऱ्यात न ठेवता दाराच्या रेषेत ठेवल्यासही फरक पडतो.

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण फायबरची पेटी इन्व्हर्टरवर नसेल तर इंटरनेट बंद पडते. त्या वेळी मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून मोबाईलमधील 'यूएसबी टेदरिंग', म्हणजे केबलवरून मोबाईलचे इंटरनेट देण्याची सोय, चालू करावे आणि हॉटस्पॉटच्या पानावर इंटरनेटचा स्रोत बदलून तो नवा निवडावा. मोबाईलचाच हॉटस्पॉट का वापरू नये, असे कोणी विचारील. पण घरातल्या सगळ्या उपकरणांत लॅपटॉपच्या हॉटस्पॉटचा पासवर्ड आधीच भरलेला असतो, त्यामुळे कोणालाच पुन्हा काही करावे लागत नाही. मात्र हे कनेक्शन 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचे, करून ठेवावे, नाहीतर विंडोजची मोठी अपडेट मोबाईलचा दिवसाचा डेटा संपवू शकतात.

हॉटस्पॉट मध्येच आपोआप बंद होत असेल तर त्याच पानावरील 'पॉवर सेव्हिंग' बंद करावे, कारण काही वेळ कोणी जोडलेले नसल्यास विंडोज तो बंद करते. शिवाय झाकण लावल्यावर लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था पॉवरच्या सेटिंगमध्ये करावी. मोबाईल जोडला जातो पण इंटरनेट येत नाही, असे झाल्यास संगणकावर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) चालू आहे का ते प्रथम तपासावे, आणि नसेल तर हॉटस्पॉट बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. जोडलेल्या उपकरणांची यादी याच पानावर दिसते. तीत अनोळखी नाव आढळल्यास पासवर्ड त्याच क्षणी बदलावा, कारण आपल्या जोडणीवरून कोणी काही गैर केले तर विचारणा प्रथम आपल्याकडेच होते.