बॅकलिंकसाठी क्युरेटर शोधताय? या चुका टाळा

क्युरेटर म्हणजे दर आठवड्याला किंवा महिन्याला एखाद्या विषयावरचं निवडक वाचन गोळा करून त्याच्या लिंका वाचकांपुढे ठेवणारा माणूस. त्याने तुमचं पान निवडलं तर बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या पानाकडे येणारी लिंक, मिळते आणि मन लावून वाचणारी माणसंही येतात. पण बहुतेकांची मेहनत क्युरेटरला मेल लिहिण्याआधीच फुकट जाते, कारण शोधच चुकलेला असतो. समजा, तुमची साइट नाचणी-ज्वारीच्या पदार्थांची आहे.

नुसता विषय शोधणं

‘नाचणी’ एवढंच गूगलवर टाकलं की तुमच्यासारख्याच साइट्स समोर येतात, क्युरेटर नाही. विषयाला संकलनाचा शब्द जोडा: इंग्रजीत मिलेट आणि राउंडअप, वीकली, रीडिंग लिस्ट किंवा न्यूजलेटर, मराठीत ‘या आठवड्यातलं वाचन’, ‘वाचनीय दुवे’. शब्द पानाच्या शीर्षकातच हवा असेल तर त्याआधी इंग्रजी लिपीत ‘इनटायटल’ आणि कोलन लिहा. कोलननंतर जागा सोडलीत तर ही युक्ती चालत नाही.

मग गूगलच्या टूल्समध्ये जाऊन कालावधी ‘गेला महिना’ करा. ही पायरी गाळली की मेलेल्या याद्या हाती लागतात. माणसांनी जपलेली डीमॉझ ही डिरेक्टरी २०१७ मध्ये बंद झाली, लिंकांचं ऑनलाइन वृत्तपत्र बनवून देणारी पेपर डॉट एलआय ही सेवा २०२३ मध्ये. तरी जुने लेख आजही तिथे जायला सांगतात.

यंत्राला क्युरेटर समजणं

कुणालाही यादीत घेण्याआधी शेवटचे तीन अंक उघडा. तारखा सलग आहेत का? प्रत्येक लिंकखाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी आहेत का? छोट्या साइट्सना जागा मिळते का? नुसती शीर्षकं आणि पहिल्या ओळी आपोआप ओतलेल्या दिसल्या, तर तिथे मेल वाचणारं कुणी नसतं. असे शंभर पत्ते जमवण्यापेक्षा पारखलेले पंधरा बरे.

लिंक कशी दिली जाते हे न तपासणं

काही न्यूजलेटर फक्त इनबॉक्समध्ये जातात. वेबवर त्यांचे जुने अंक नसतात. तिथून वाचक येतील, बॅकलिंक नाही. अंक वेबवर असेल तर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स (मूळ कोड) उघडा आणि आधीच्या एखाद्या लिंकचा पत्ता शोधा. थेट मूळ साइटचा पत्ता आहे, की मध्ये क्लिक मोजणारा ट्रॅकिंगचा पत्ता घातलाय? लिंकच्या ‘रेल’ या खुणेत नोफॉलो, म्हणजे ‘ही लिंक आमची शिफारस धरू नका’ असं गूगलला सांगणारा शब्द, आहे का? सोर्सच्या वरच्या भागात ‘नोइंडेक्स’ असेल तर ते पान गूगलमध्ये येणारच नाही. नोफॉलो दिसलं म्हणून मात्र लगेच पाठ फिरवू नका: २०१९ पासून गूगल त्याकडे आदेश म्हणून नाही, सूचना म्हणून पाहतं.

पैसे घेऊन लिंक देणाऱ्याच्या नादी लागू नका. रँकिंगसाठी लिंक विकत घेणं गूगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहे. जाहिरातीच्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ची खूण लागते.

सगळ्यांना एकच मेल, तोही होमपेजचा

क्युरेटर साइट निवडत नाही, एक पान निवडतो. ‘नाचणीचे १० फायदे’ हे हजार ठिकाणी आहे. भिजवण्याचे तास, उन्हाळ्यात आणि थंडीत मोड यायला लागणारा वेळ, वास आला तर काय चुकलं, असा तक्ता असलेलं पान त्याच्या वाचकांच्या उपयोगी पडतं. अंक कोणत्या वारी येतो ते पाहा आणि तीन-चार दिवस आधी एवढंच लिहा:

‘नमस्कार, मागच्या अंकात आपण ज्वारीच्या हुरड्यावरचा लेख दिला होता. नाचणीला मोड आणण्याचं ऋतूनुसार वेळापत्रक आम्ही तक्त्यात दिलं आहे. आपल्या वाचकांना उपयोगी वाटलं तर जरूर पाहा.’

खाली लिंक आणि तुमचं नाव. ‘डूफॉलो (नोफॉलो नसलेली) लिंक द्या’, ‘अमुक शब्दांवरच लिंक लावा’ असं लिहू नका. निवड त्याची आहे. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.

लिंक मिळाली, पण उघडत नाही

मराठी साइट्सना हा त्रास हमखास होतो. पत्त्यात देवनागरी असेल तर कॉपी करताना प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हं होतात, कारण एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट (संगणकाच्या साठवणीचं एकक) लागतात आणि एक बाइट टक्केचिन्ह धरून तीन चिन्हांत लिहिला जातो. ‘नाचणीला-मोड-कसे-आणायचे’ यात काना-मात्रा धरून १९ देवनागरी चिन्हं आणि ३ रेघा आहेत. पत्त्याचा एवढा भागच होतो १७४ चिन्हांचा. मेलमध्ये तो मध्येच तुटू शकतो आणि मग क्युरेटरला ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिसतं. शिवाय वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीत स्लगची, म्हणजे पत्त्यातल्या पानाच्या नावाची, मर्यादा २०० चिन्हांची असल्यामुळे देवनागरी शीर्षक साधारण २२ चिन्हांनंतर कापलं जातं. म्हणून प्रकाशित करण्याआधीच स्लग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा ठेवा.

लिंक नीट उघडते, पण गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकाला त्याच्या साइटकडे येणाऱ्या लिंका दाखवणारं साधन) दिसत नाही? काही आठवडे थांबा. तिथला अहवाल उशिरा भरतो आणि त्यात सगळ्या लिंका नसतातच. तोवर अंकाचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. ते पानच सापडत नसेल तर अडचण तिकडची आहे. पान हलवावं लागलं तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची वळवणी, लावा. वर्डप्रेस पोस्टचा स्लग बदलल्यावर ते आपोआप करतं, पण डोमेन बदललंत तर ते काम तुम्हालाच करावं लागतं.