वाळवंटात वाऱ्याचं काम कुठलं, पाण्याचं कुठलं, हे कसं ओळखायचं

जैसलमेरला जाणारे बरेचजण जवळच्या सम गावच्या वाळूत उंटावर बसतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि परत येतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तिथली जमीन चक्क वाचता येते आणि शिकायला अर्धा तास पुरतो. फक्त पहाटे जा, वाळू तुडवली जायच्या आधी.

आधी खाली बसा. वाळूवर बारीक बारीक लाटा दिसतील, वारा त्या रेषांना आडवा वाहून गेलेला असतो. मग अख्खा धोरा बघा (तिकडे वाळूच्या टेकडीला धोरा म्हणतात). एक बाजू लांबलचक, सावकाश चढणारी, पायाखाली बऱ्यापैकी घट्ट, वारा तिकडून येतो. पलीकडची बाजू उभी, साधारण ३० ते ३४ अंशांची. तिच्या माथ्याशी बोटाने हलकेच ढकला, वाळू जिभेसारखी घसरत खाली येते आणि थांबली की उतार पुन्हा जवळपास तेवढाच! घरीसुद्धा करून बघा, कोरडी वाळू मुठीतून परातीत सोडत राहा, ढीग कितीही वाढवला तरी उतार बदलत नाही, मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असेल तर मोजा.

धोरा चंद्रकोरीसारखा असेल तर शिंगांकडे बघा, पण इथे घाई करू नका. उघड्या वाळूतल्या बारखणाची (अशा चंद्रकोरी धोऱ्याची) शिंगं वारा जातो त्या दिशेला असतात. थरच्या वाळवंटात मात्र झुडपं बरीच, ती दोन्ही टोकं धरून ठेवतात आणि मधला भाग पुढे सरकतो, त्यामुळे शिंगं उलटी, वारा येतो त्या बाजूला.

आता खडक. वाऱ्याने उडणारी वाळू उड्या मारत जाते आणि बहुतेक कण मीटरभराच्या आतच राहतात, म्हणून खडक पायथ्याशी जास्त झिजलेला आणि वर जाड दिसला तर वाऱ्यावर संशय घ्यायला हरकत नाही.

गोल गुळगुळीत गोटे दिसले की मात्र समजायचं इथून पाणी गेलंय, गोटे वाहून नेणं वाऱ्याला जमत नाही. भेगाळलेली चिकणमाती, मिठाचा पांढरा थर, या पण पाणी साचून आटल्याच्या खुणा. पाऊस कमी पण येतो तो एकदम, आणि धरून ठेवायला दाट झाडोरा नाही, त्यामुळे एकाच पावसात नाला खोल कापला जातो. जैसलमेर भागातल्या पालीवाल ब्राह्मणांनी हे नेमकं ओळखलं होतं, खडकाळ उतारावरून येणारं पाणी सखल जागी बांध घालून अडवायचं आणि ओल मुरली की तिथेच गहू-हरभरा पेरायचा, त्यालाच खडीन म्हणतात.

ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव पुरात बुडालं, वाळवंट असूनही पाणी मुरेना कारण खाली जिप्समचा थर. म्हणून कोरड्या नाल्यात तंबू ठोकू नका, डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी पाऊस वरच्या अंगाला पडलेला असू शकतो.