गो-लाइव्हच्या आधी वही काढा

हॉस्पिटलात नवीन सॉफ्टवेअर चालू होणार (त्यालाच गो-लाइव्ह म्हणतात) म्हटलं की सगळे सर्व्हर, प्रिंटर, ट्रेनिंगच्या मागे लागतात, पण त्याच्याही आधी सोमवारी सकाळी नऊला केसपेपरच्या खिडकीपाशी घड्याळ लावून उभं राहा. पेशंट लाइनीत लागला कधी, केसपेपर हातात पडला कधी, एवढंच वहीत लिहायचं. एखादा गुरुवारपण घ्या, नाहीतर नंतर कोणीतरी म्हणणारच की मुद्दाम गर्दीचा दिवस धरला. आमचं हे राहून गेलं आणि सहा महिन्यांनी ट्रस्टींनी विचारलं वेळ किती वाचला, तर आधीचा आकडाच नाही, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत.

मग फायदे लिहून काढा, पण "कामकाज सुधारेल" असलं मोघम नको. लॅबचा रिपोर्ट वॉर्डात यायला किती वेळ, डिस्चार्ज सांगितल्यापासून बिल हातात पडेपर्यंत किती, असे तीन-चार पुरे. प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव हवं आणि ते आयटीवाल्याचं नको, बिलाचं बिलिंगवाल्यांकडे, रिपोर्टचं लॅबकडे. आयटीवाला सिस्टीम चालू ठेवेल हो, पण त्याच्या सांगण्यावरून लॅबवाले कामाची पद्धत थोडीच बदलणारेत!

आभाचं, म्हणजे सरकारी डिजिटल हेल्थ खात्याचं, स्कॅन अँड शेअर (2022 पासून आहे) लावणार असाल तर नुसता क्यूआर चिकटवून भागत नाही. पेशंटनं फोनवरून स्कॅन केलं की नाव-वय-पत्ता आपोआप येतो, टोकन मिळतं, सगळं खरं, पण टोकनवाल्यांना वेगळी खिडकी नसेल तर तेही त्याच लाइनीत, आणि साधा फोनवाल्या आजींसाठी जुनी खिडकी ठेवावीच लागते.

पहिल्या महिन्याचे आकडे धरू नका, तेव्हा ओपीडी आधीपेक्षा हळूच चालते, हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा म्हणजे आरडाओरडा कमी. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात मोजा, त्याच खिडकीवर.

आणि रजिस्टरं! आमच्या वॉर्डात सिस्टर बीपी आधी चार्टवर लिहायच्या, मग रजिस्टरात, मग कॉम्प्युटरवर, कारण रजिस्टर बंद करा असं कोणी म्हणालंच नव्हतं. म्हणजे काम वाढलंच की. तेव्हा एमएलसीसारखी (पोलीस केसची) ठेवावीच लागणारी सोडून कुठलं रजिस्टर कुठल्या तारखेला बंद, याचं सहीचं पत्र काढा, आणि कपाटातली कोरी रजिस्टरं त्याच दिवशी स्टोअरला परत करा, नाहीतर नाइटच्या सिस्टर त्यात लिहिणारच.