कापसाचा चुकारा रोख घेणार असाल तर आधी एवढं करून ठेवा

खेडा खरेदीवाल्याची, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याची, गाडी उद्या दारात येणार असंल तर आजच ठरवा की पैसे दिवसाउजेडी घ्यायचे, काटा होता होता अंधार पडला तर सरळ म्हणा भाऊ सकाळी या, कारण मागच्या वर्षी आम्ही बल्बच्या उजेडात चुकारा घेतला अन् त्यातली पाचशेची एक नकली नोट बँकेत पकडली, पाचशे रुपये गेले ते गेलेच. घरातला एक जण मोजायला अन् दुसरा फक्त नोटा पाहायला बसवा. घरची खात्रीची एक नोट जवळ ठेवा, शंका आली की शेजारी धरता येते.

पाचशेची नोट तिरपी केली की पट्टी हिरव्याची निळी झाली पाह्यजे, खाली उजवीकडचा ५०० पण तसाच. उजेडासमोर धरली की कोऱ्या जागेत गांधीजींचा चेहरा अन् ५०० दिसते. पण माझा भरोसा बोटांवर जास्त हाय, दोन्ही कडांना ५-५ तिरप्या रेघा असतात, त्या अन् अशोकस्तंभ बोटाला उठून लागतात (दोनशे-शंभरच्या नोटेवर रेघा ४-४). नंबरात * दिसला म्हणून कोणाची नोट नाकारू नका, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदल्यात टाकलेली असते, खरीच असते.

गाडी जायच्या आधी काट्याची चिठ्ठी घ्या, गाडी नंबर अन् तारीख लिहून ठेवा. बँकेत जाताना शंकेची नोट बंडलात दडवू नका, वेगळी काढून कॅशियरसायबाला आधीच सांगा. नकली निघाली तर बँक शिक्का मारून ठेवून घेते, परत देत नाही, खात्यातही जमा करत नाही, पण पावती द्यावीच लागते, ती मागून घ्या. एका वेळी ५ किंवा जास्त निघाल्या तर एफआयआर होते, तेव्हा ती काट्याची चिठ्ठीच कामी येईल.

अन् माहीत असून ती नोट बाजारात चालवू नका, तो गुन्हाच हाय. वेचणीच्या बायांची मजुरी काढून ठेवाल ना, त्या नोटा सगळ्यात आधी तपासा, त्यांच्यापाशी एक नकली गेली तर पूर्ण दिवसाची मजुरी बुडते.